चपला डोक्यावर घे

"चपला डोक्यावर घे. आणि शेडपर्यंत तशीच चालत जा."

मॅनेजर हे हळू आवाजात बोलला. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. एप्रिलची दुपार होती. चार पाहुणे हातात गोल्फच्या काठ्या घेऊन उभे होते. आमचे मुकादम काका खाली बघत होते. माझ्या पायाशी मऊ गवत आणि त्यात बुटाच्या टाचेनं ओढलेला एक लांब ओरखडा.

तो ओरखडा माझा नव्हता. मी अनवाणी होते.

धाड गावाजवळच्या माळावर एका रिसॉर्टवाल्यानं गोल्फचं मैदान केलंय. तिथं आम्ही सात बाया कामाला होतो. ज्या भोकात चेंडू घालवायचा, त्याच्याभोवतीचं गवत मखमलीसारखं बारीक कापायचं. त्याला ग्रीन म्हणतात. उन्हाळा जवळ आला की मशीनची पाती थोडी वर घ्यायची, जमिनीला भोकं पाडून वाळू भरायची, दिवस उगवायच्या आत पाणी द्यायचं. भर उन्हात पाणी दिलं तर मुळं शिजतात. हे मला कुणी शिकवलं नाही, चार उन्हाळ्यांत गवतानंच शिकवलं. कुठला कोपरा आधी पिवळा पडणार, हे मी पाय ठेवून सांगायचे.

ग्रीनवर आम्ही चपला काढूनच जायचो. पाहुणे खिळ्यांचे बूट घालून जायचे. हा नियम मी चार वर्षं मुकाट पाळला. मऊ गवत आहे, म्हटलं, पायाला काय होतंय.

त्या दिवशी नव्या मॅनेजरनं ओरखडा पाहिला आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. मी म्हटलं, साहेब, माझ्या चपला तिकडं कडेला आहेत. त्याला तेवढंच पुरलं. कडेला तरी का ठेवल्या? पाहुण्यांच्या नजरेला पडतात. आणि मग तो हुकूम.

मी चपला उचलल्या. डोक्यावर ठेवल्या.

होय, ठेवल्या. हे मी लपवत नाही.

शेडपर्यंत मुरुमाची वाट. तापलेली. एका पाहुण्यानं मोबाईल वर धरला. शेजारच्या ग्रीनवर काम करणाऱ्या शोभा आणि मंदाबाई बघत राहिल्या. मागून कुणीतरी हसलं. चपलांची माती केसांत पडत होती आणि मी एकाच गोष्टीचा विचार करत होते, की त्या खाली पडू नयेत. पडल्या तर तो पुन्हा ठेवायला लावेल. माणूस कसा घडवतात बघा. अपमान व्यवस्थित पार पडावा याची काळजी मीच घेत होते.

घरी बाबांनी पायाचे फोड पाहिले आणि विचारलं. मी सांगितलं. तरुणपणी बाबांना गावातल्या मोठ्या घरापुढून चपला घालून जाता येत नव्हतं. आमच्या वस्तीतल्या कुणालाच नाही. ते मला माहीत होतं. बाबा म्हणाले, "आमाले हातात घ्या लागे. डोक्यावर त मलेबी कोनी घ्याले लावली नाई."

एवढंच. मला रात्रभर झोप लागली नाही. मला वाटत होतं मी बाबांच्या पुढं आलेय. बारावी पास, पगाराची नोकरी, अंगात कंपनीचा टी-शर्ट. मी त्यांच्याही मागं गेले होते.

सकाळी मॅनेजरनं सगळ्या बायांना शेडपुढं उभं केलं. आजपासून चपला फाटकातच काढायच्या, सबंध मैदानावर अनवाणी फिरायचं, असं त्यानं सांगितलं. पुढं अख्खा मे महिना होता. शोभानं वाकून चपलेच्या पट्ट्याला हात घातला.

मी हातातला पाईप खाली टाकला. पाणी वाहायला लागलं.

"मी चप्पल काढत नाई," मी म्हटलं.

तो म्हणाला, नाव कमी करीन.

"करा. पन काल मले जे म्हनले ते आता पुन्हा म्हना. सगळ्याइसमोर."

पाणी त्याच्या बुटापर्यंत गेलं. आदल्या दिवशी इतकं सहज बोललेलं वाक्य त्याला सगळ्या बायांसमोर पुन्हा उच्चारता आलं नाही. त्यानं वॉचमनला बोलावून मला फाटकाबाहेर काढायला सांगितलं. माझ्यामागून शोभा निघाली, मंदाबाई निघाली. चौघी कामावरच थांबल्या. त्यांना मी दोष देत नाही. पण त्यांचं थांबणं मी विसरलेही नाही.

आम्ही तिघी सरळ पोलीस ठाण्यात गेलो. मी तक्रार दिली. शोभा आणि मंदाबाई साक्षीला राहिल्या.

मेमध्ये रिसॉर्टचे मालक स्वतः आमच्या दारात आले. सोबत मुकादम काका. नवी माणसं भर दुपारी पाणी मारत होती, तीन ग्रीन जळाले होते. मालक गोड बोलले. मॅनेजरला दुसरीकडे पाठवू, तुला मुकादम करू, तुझ्या दोघी मैत्रिणींनाही परत घेऊ. फक्त या कागदावर सही कर.

कागदावर लिहिलं होतं: गैरसमजातून शाब्दिक वाद झाला, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

मी दोनदा वाचला. बाबांना वाचून दाखवला. शोभाला आणि मंदाबाईलाही बोलावून दाखवला, कारण कामाचा प्रश्न त्यांचाही होता. मंदाबाईनं मान हलवली. नाही.

काका म्हणाले, "कर ना बाई सही. काऊन ताणून राह्यली?"

"काका, वाद दोघाइत होते. चपला डोक्यावर घे म्हनल्यावर मी त एक शब्द बोलली नव्हती."

कागद मी मालकांच्या हातात परत दिला.

आता आम्ही तिघी दुसऱ्यांच्या वावरात कामाला जातो. कोर्टाची तारीख लागली आहे. वकील म्हणतात, 'अपमानास्पद वागणूक' एवढं सांगितलं तरी चालेल. मला चालणार नाही. तो काय बोलला ते मी शब्द न् शब्द सांगणार, तो समोर उभा असताना. एक तारीख लागो की दहा, प्रत्येक वेळी मी जाणार. आणि मी काय केलं तेही सांगणार. मी त्याचं ऐकलं होतं, हेही. कारण यापुढं ऐकणार नाही.