मागून धरलेला आरसा

धाकटीच्या नवऱ्याच्या हाताला गुण आहे, असं सगळी गल्ली म्हणते. त्याच्या दुकानात दाढीला बसलेला माणूस घोरायला लागतो. रडकं पोरही त्याच्यापुढे मान ताठ धरून बसतं. हे कौतुक ऐकलं की माझं डोकं उठतं. त्याच हातांसाठी माझी बहीण झुरतेय, आणि शेजारीच राहत असल्यामुळे मला ते रोज बघावं लागतं.

लग्न झालं तेव्हा तिची वेणी कंबरेच्याही खाली यायची. हा दुकानातून आला की हातपाय धुऊन आधी तिची वेणी सोडायचा, केस विंचरायचा, पुन्हा वेणी घालायचा. मी चिडवायची, "जावईबापू, घरी आलात तरी दुकान चालूच!" दोघंही लाजायची. मग मुलगी झाली, पाठोपाठ मुलगा. मुलगा दोघांच्या मधे झोपायला लागला, मुलगी आईच्या अंगावर पाय टाकून. आणि हा भिंतीकडे तोंड करून.

धाकटी मनात ठेवून कुढणाऱ्यांतली नाही. तिनं आधी आडून विचारलं, "आज मुलांना ताईकडे झोपवू या का?"

"का? पाहुणे येणारेत?"

मग एका दुपारी तो जेवायला आला, मुलं माझ्याकडे होती, तेव्हा तिनं सरळच सांगितलं, "मला तुम्ही हवे आहात. जवळ घ्या मला. नुसता डोक्यावरून हात फिरवलात तरी चालेल."

"दिवसभर लोकांची डोकीच धरतोय गं. घरी तरी सुट्टी दे. आणि दोन मुलांची आई तू, हे काय नवीन काढलंस?"

हे तिनं मला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं. रडली नाही. संताप आला तो मलाच.

पुढच्याच आठवड्यात, दुकान बंद असतं त्या दिवशी, मुलांचे केस कापायला आम्ही सगळे दुकानात गेलो. धाकट्याला धरायला मी. मुलांचं झाल्यावर ती स्वतःच खुर्चीत बसली आणि तिनं वेणी सोडली.

"माझेही कापा. मानेपर्यंत."

"वेड लागलंय का तुला?" मी ओरडले. तिनं डोळ्यांनीच मला गप्प केलं. ती आरशातून त्याच्याकडे बघत होती, आणि तिला काय हवंय ते मला कळलं. त्यानं नको म्हणावं, एवढंच.

त्यानं केस मुठीत धरले. जरा थांबला. माझ्या जिवात जीव आला.

"बरं होईल," तो म्हणाला, "मुलांच्या मागे धावायला सुटसुटीत." आणि कात्री उचलली.

कापले मात्र सुरेख, ते नाकारत नाही. मानेवरचे बारीक केस ब्रशनं झटकले आणि छोटा आरसा मागून धरून गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "ठीक आहे?"

"ठीक आहे," ती म्हणाली. मग उठून स्वतःच झाडू घेतला आणि खाली पडलेले केस मुलांच्या केसांबरोबर केराच्या डब्यात भरले.

आता तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगतो, "बायकोचे केस मीच कापलेत." ती हसते. मुलांना माझ्याकडे झोपवायचं नाव तिनं पुन्हा काढलेलं नाही.