पॉइंटवरचा नारळ

माझ्या पॉइंटवर नारळ ठेवलेला होता. हळदकुंकू वाहिलेला, भोवती पाच दगड मांडलेले. मी पिशवीतून ग्राफ काढला, घरापासून बांधापर्यंत पावलं मोजली, परत मोजली. जागा तीच होती.

"हे कुणी ठेवलं?"

"बंकटनानांनी," अंकुश म्हणाला. "आबांनी बोलवलं व्हतं परवा. म्या म्हन्लं सरांचं मशीन हाय की, पन आबाचा जीव ऱ्हाईना."

बंकटनाना म्हणजे पाणाड्या. तळहातावर आडवा नारळ घेऊन शिवारात फिरायचं, नारळ उभा राहिला की खाली पाणी, असा त्यांचा धंदा. माझाही धंदा पाणी शोधायचाच. सगळी नोकरी सरकारी खात्यात भूजलाचं काम करण्यात गेली, आता रिटायर झाल्यावर खासगी सर्व्हे करतो. पण ह्या माणसाचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखायचं. त्यांचा बोअर कोरडा गेला तर लोक म्हणतात, नशिबात नव्हतं. माझा कोरडा गेला तर म्हणतात, सायबाला काय कळतंय. त्यांना बाजेवर वाकळ टाकून बसवतात. मला प्लास्टिकची खुर्ची, तीही एका पायानं लंगडी.

वस्ती पाटोद्याच्या वरच्या डोंगरात. आबा आणि भामाबाई, दोघंच धनगर नवराबायको, आणि साठेक मेंढ्या. मुलगा अंकुश कडा गावात दुकानात कामाला. टँकरवाला वर यायला नाही म्हणतो, म्हणून पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं. महिन्यापूर्वी भामाबाई कळशीसकट घसरल्या आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. अंकुशनं तेव्हाच सांगून टाकलं होतं की घरापाशी पाणी लागलं तर ठीक, नाहीतर मेंढ्या विकायच्या आणि दोघांनी कड्याला राहायला यायचं. हा विषय निघाला की आबा उठून बाहेर जात.

मी सर्व्हे केला त्याला आठवडा झाला होता. आमचं काम सांगायला सोपं आहे. जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन खुंट्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोनांवर मीटर लावायचा. ओला खडक करंट सहज जाऊ देतो, कोरडा अडवतो. बाहेरच्या खुंट्या लांब लांब नेत गेलं की खोलवरचं कळतं. उन्हाळ्यात मुरूम इतका वाळतो की करंट शिरतच नाही, म्हणून खुंटीच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं. त्यासाठी मी अर्धी बादली पाणी मागितलं. भामाबाईंनी डाव्या हातानं आणून दिलं. एवढ्या लांबून आणलेलं पाणी मी जमिनीत ओतत होतो आणि त्या बघत होत्या. मला लाज वाटली.

सात ठिकाणी रीडिंग घेतलं. बांधाजवळ आकडा चांगला आला, म्हणून तिथं उभं आणि आडवं असं दोनदा घेतलं. पॉइंट, म्हणजे बोअरची जागा, मात्र दिला नाही. मी जागेवर पॉइंट देत नसे. घरी जाऊन ग्राफ काढायचा, आठवड्यानं येऊन चुना टाकून जागा दाखवायची. ग्राफ एका संध्याकाळचं काम आहे. आठवडा लोकांना वाटावं म्हणून, की सायब अभ्यास करतात.

तर आता ग्राफ बांध दाखवत होता आणि बांधावर नानांचा नारळ बसला होता.

"मेंढरंसुदिक तिथंच तोंड लावत्यात," आबा म्हणाले. "मुक्या जनावराला कळतं, सायब."

घ्या. मेंढ्यासुद्धा त्यांच्याच पार्टीत.

इकडे एक रिवाज आहे. ज्यानं जागा दाखवली त्याच्या हातून बोअरचा नारळ फुटतो. पाणी लागलं की पहिली ओंजळ त्याची आणि फेटाही त्यालाच. मी आयुष्यात शेकड्यांनी पॉइंट दिले, पण ते कागदावर. फेटा मला कुणी बांधला नाही. एक शाल मिळाली, ती निरोपसमारंभाला, आणि तीही सगळ्यांना मिळते तसलीच. आता मी बांधावर बोट ठेवलं असतं तर पंचक्रोशीत काय झालं असतं ते मला दिसत होतं. सायबाचं मशीनबी नानाचंच ऐकतं, असंच लोक म्हणाले असते.

मी ग्राफ घडी करून पिशवीत ठेवला. दोन नंबरचा आकडा घराच्या अंगणाशी होता. बरा होता, चांगला नव्हता.

"इथं घ्या," मी म्हणालो. "घराजवळ आहे. पाइप कमी लागेल."

"आन् नारळाची जागा, सर?"

"तिथं काही नाही."

एवढं सरळ खोटं मी नोकरीत कधी बोललो नव्हतो.

चार दिवसांनी बोअरची रिग आली. चढावर ती दोनदा अडकली. रिगवाल्यानं आधीच बजावलं होतं, एकच बोअर मारीन, संध्याकाळी पुढच्या गावाला पोचायचंय. आबांनी मान राखायला नानांनाही बोलावलं होतं. ते बाभळीखाली बसून होते. नारळ मी फोडला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

शंभर फूट, दीडशे, दोनशे. नुसता पांढरा फुफाटा. सव्वादोनशेला रिगवाल्यानं हात हलवला आणि पोरं रॉड काढायला लागली. अंकुशनं त्याच्या मिनत्या केल्या, तो ऐकेना. अंकुश माझ्याकडे बघत होता. आबा मेंढ्यांकडे निघून गेले.

भामाबाईंनी डाव्या हातानं कळशी उचलली. "सकाळधरनं राबायलेत लेकरं," त्या म्हणाल्या, "च्या तरी पाजावं त्यायला." आणि पाण्याला खाली उतरायला लागल्या.

ग्राफ माझ्या पिशवीत होता. काढून दाखवायचा, एवढंच काम. मी चष्मा पुसत बसलो.

उठले ते नाना. रिगवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दोन तास दे बाबा. त्या बांधावर एकदा लाव." अंकुशला नाही म्हणणारा तो माणूस मुकाट्यानं गाडी रिव्हर्स घ्यायला लागला. त्याही वेळेला, सांगायला लाज वाटते, माझ्या मनात पहिला विचार आला तो हाच की ह्याच्या शब्दाला एवढी किंमत का?

एकशेसाठला फुफाटा ओला झाला, मग चिखल, मग पाणी. माझ्या ग्राफवर एकशे पंचावन्न ते एकशे पासष्ट असं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. भामाबाई कळशी घेऊन वर आल्या तेव्हा पाणी बांधावरून वाहत होतं. त्यांनी कळशी खाली ठेवली आणि तिच्याशेजारीच बसून घेतलं. आबांनी नानांना पहिली ओंजळ दिली आणि फेटा बांधला. भगवा, कोरा करकरीत.

मी मोटारसायकलला पिशवी अडकवत होतो. नाना मागून आले.

"सर, रागावू नका. खरं सांगतो. त्या दिशी माझा नारळ कुटंच उबा ऱ्हाईना. मेंढरं बांधापाशी जमीन चाटत व्हती. जाऊन बघतो तर मीठ. मंग तुमच्या खुंट्यांची भोकं दिसली. बाकी जागी भोकं एका रेघंत, हितं मातुर फुली. म्हन्लं, सायबानं दोनदा मोजलंय म्हंजी काय तरी गावलं असंल. दिला ठिवून नारळ."

मीठ मी ओतलं होतं, बांधावर तर दोनदा. मेंढ्या जमीन का चाटतात एवढं मला कळू नये?

"तुमच्या मशीनवर माझा लई इस्वास हाय," नाना म्हणाले. "तुमी जाऊन आलेल्या वस्तीवर मी आदी भोकंच हुडकतो." मग डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी माझ्यापुढं धरला. "घ्या. तुमचा हाय ह्यो."

तो घेतला असता तर का घेतला हे आबांना सांगावं लागलं असतं. मी नको म्हणालो.

"बरं, एक इचारू का? तुमचाच पॉइंट सोडून तुमी वर अंगणात कावून गेलते?"

"ग्राफ चुकला," मी म्हणालो.

त्यांनी फेटा परत डोक्यावर चढवला. "व्हय," म्हणाले, "चुकतो कवा कवा."

दोन महिन्यांनी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून वर चढलो. बोअरमध्ये छोटी मोटर सोडली होती, घराच्या वरच्या अंगाला टाकी, टाकीतून चुलीपर्यंत नळ. भामाबाईंचं प्लास्टर निघालं होतं. मेंढ्या होत्या तेवढ्याच होत्या, उलट कोकरं वाढली होती. अंगणात माझ्या कोरड्या बोअरवर फरशी ठेवली होती. भामाबाई तिला वळसा घालून आल्या आणि तांब्या पुढं केला.

"घ्या सायब. नानानं दाखवल्यालं पानी."

मी प्यायलो. गोड होतं. तेवढंच म्हणालो.

जळणं गेलंय असं नाही. पण काम बदललं. आता पॉइंट त्याच दिवशी देतो, सगळ्यांच्या देखत चुना टाकून. मागाहून त्या चुन्यावर कुणी नारळ ठेवला तर ठेवू द्यावा. बोअर तिथंच मारावा.