देवळाकडे वळणारी मान

खेळाडू पारखावा तर मीच, अशी त्या काळी माझी घमेंड होती. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. माझं खाली आलं, पण त्याच्याखाली सापडला दुसराच.

पिंपरीच्या बाजूला तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता. त्यातल्या एकात मी टाईमकीपर होतो. पुण्यात तरुणपणी हुतूतू खेळून गुडघा घालवला होता, म्हणून साहेबांनी कारखान्याच्या संघाचं काम माझ्याच गळ्यात मारलं. म्हणाले, "एक चांगला चढाईवाला शोधा. तुम्ही बोट ठेवाल त्याला कायम नोकरी. पण बघा हं, पुढे तक्रार नको."

झालं! मी गावोगावच्या जत्रा पालथ्या घालायला लागलो. चाकणपासून देहूरोडपर्यंत एक मैदान सोडलं नाही. पोरगं किती गडी मारतं हे मी बघतच नसे, ते कुणालाही दिसतं. मी बघायचो ते मधल्या रेघेकडे परतताना त्याचा दम कसा वाजतो ते. आणि बाद झाल्यावर जो पंचाशी भांडत बसेल त्याच्यावर मी तिथल्या तिथे फुली मारायचो.

चैत्रात रहाटणीच्या जत्रेला गेलो. पवनेला गुडघाभर पाणी होतं, सायकल खांद्यावर घेऊन उतरलो. मैदानाच्या डाव्या अंगाला भैरवनाथाचं देऊळ, उजवीकडे बाभळी आणि त्यांना बांधलेले बैल. तिथे तो दिसला. विशीतला, काटकुळा, पण दम असा की परतताना आवाज जराही फाटत नव्हता. डाव्या रेघेला चिकटून चढाई करायचा, म्हणजे समोरचे सगळे गडी उजव्या हाताला राहायचे. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, डोकं आहे! आणि दर चढाईआधी तो रेघेला हात लावायचा, कपाळाला लावायचा आणि अख्खी मान डावीकडे, देवळाकडे वळवायचा. त्याबरोबर लोक नाथाच्या नावानं गर्जायचे.

शेजारी बसलेले गावचे एक म्हातारे म्हणाले, "देवाला बगितल्याबिगर पाऊल टाकीत न्हाई आमचं पोरगं. घरात दुसरं कमावतं कोण न्हाई. त्याला घ्या राव, नाथ तुमचं भलं करील."

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आता देऊळ त्याच्या उजवीकडे आलं. त्यानं रेघेला हात लावला, कपाळाला लावला आणि मान वळवली. डावीकडेच. तिकडे बैल रवंथ करत उभे होते. लोक मात्र तसेच नाथाच्या नावानं ओरडले. मी प्रसादाचा गुळाचा खडा तोंडात टाकणार होतो, तो तसाच खिशात ठेवला.

सामना सुटल्यावर मी मुद्दाम त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिलो आणि गुळाचा खडा त्याच्या गालाजवळ धरला. त्यानं घेतला नाही, पापणीही हलवली नाही. मी खाकरलो तेव्हा सगळी मान फिरवून त्यानं आधी गुळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डावा डोळा वरून धड होता. पण आतून आंधळा होता, त्यात आता शंका नव्हती. लहानपणी विटी लागली होती, हे फार पुढे कळलं.

"भाऊ," तो हळूच म्हणाला, "लागंल का मला नोकरी?"

"लागेल," मी म्हणालो.

दया आली असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. कसली दया! मला कारखान्यांच्या सामन्यांतला कप हवा होता. तसा दम मी पुन्हा कुणात ऐकला नाही.

साहेबांनी विचारलं, "नीट पारखलंय ना?" म्हटलं, अगदी खात्रीचा माल. कारखान्याच्या डॉक्टरांनी नुसती छाती ठोकून बघितली आणि माझ्याकडे बघून हसत सही केली. कप आम्हीच जिंकला. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

आणि त्याला नेमलं कुठे, तर यार्डात! ओतकामाचे जड नग ट्रॉलीवर घालून चार माणसं रुळांवरून ढकलत न्यायची, ते रूळ ओलांडून हा पेट्या वाहायचा. दर वेळी रुळापाशी थांबून मान डावीकडे वळवायचा. लोक चेष्टा करायचे, "इथं कुठला देव रे भावा?" तो हसायचा. मला गेटावरच्या खिडकीतून ते सगळं दिसायचं आणि पुढ्यातला चहा गार होऊन जायचा. एकदा डावीकडून येणारी सायकल त्याच्यावर आदळली. तोही हसला, सायकलवालाही हसला. त्या दिवशी मी साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. काय सांगणार होतो? की मी फसवलं? म्हटलं, पुढचे सामने होऊ देत, मग सांगू. मूग गिळून बसलो. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं थोडंच?

मग एके दिवशी, जेवणाच्या भोंग्याला थोडा वेळ होता. त्याच्या खांद्यावर पेटी होती. रोज तो ती उजव्या खांद्यावर घ्यायचा, त्या दिवशी उजवा सोलला होता म्हणून डाव्यावर घेतली. रुळापाशी थांबला. मान वळवायला गेला, तर गाल पेटीला टेकला. मी खिडकीतून ओरडलो. पण घणांच्या आवाजात माझं कोण ऐकतंय! डावीकडून ट्रॉली येत होती. त्यानं पाऊल टाकलं.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. स्टूल खाटेच्या डाव्या अंगाला होतं. खरं सांगतो, ते बघून मला बरं वाटलं, कारण तिथे बसलो तर मी त्याला दिसणार नव्हतो. गुपचूप बसलो. पण त्याला चाहूल लागली. त्यानं उशीवर सगळी मान फिरवली.

"भाऊ, त्या दिशी तुमी गूळ धरला व्हता. तुमाला कळलं, ते मला बी कळलं व्हतं."

मी त्याच्या अंगावरची चादर सरळ करायला लागलो.

"मला वाटलं, तुमी न्हाई म्हणणार. घरला जायची तयारी ठिवली व्हती म्या," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "तुमी लागंल म्हणलात. मंग मला वाटलं, एवढा जाणता माणूस सगळं बगून व्हय म्हणतोय, म्हंजी एका डोळ्यानं जमत आसंल आपल्याला."

मी उठलो. स्टूल उचलून त्याच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवलं. त्यावर बसायचं धाडस मात्र मला झालं नाही.