हिराजीबाबांनी ओळखलेली होडी

नाशिकहून डहाणूकडे जाणारी सकाळची एसटी त्र्यंबकच्या पुढे निघाली, तेव्हा कंडक्टर माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बॅग वर ठेवा ना मॅडम. पाच तास मांडीवर घेऊन बसणार का?"

"कॅमेरा आहे आत."

"लग्नाचं काम का?"

"नाही. समुद्राचं."

त्याने तिकीट फाडून दिलं, पण माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. साठीला आलेली, गुडघ्याला पट्टा बांधलेली बाई एकटीच समुद्राचे फोटो काढायला निघाली, हे त्याला पटलेलं दिसलं नाही. खरं सांगायचं तर आमच्या घरीही ते कुणाला पटलं नव्हतं. "फोनवर येतात की फोटो," असं भाची म्हणाली होती. पण फोनला लांबचं दिसत नाही आणि मला आता लांब चालवत नाही. म्हणून निवृत्तीनंतर मी हा कॅमेरा घेतला. ब्रिज कॅमेरा म्हणतात याला. त्याची लेन्स काढता-घालता येत नाही, पण एकाच लेन्समध्ये समोरच्या अख्ख्या देखाव्यापासून चंद्रावरच्या खड्ड्यांपर्यंत सगळं येतं. गंगापूर धरणावरचे पक्षी मी गाडीतून न उतरता टिपले होते. गच्चीवरून रामशेज किल्ल्याच्या तटावर चढणारी माणसं मोजली होती. आता समुद्र बघायचा होता.

मोखाडा, जव्हार मागे पडलं तशी हवा दमट होत गेली. दुपारी किनाऱ्यावरच्या एका छोट्या कोळीवस्तीत पोहोचले. खोली ओळखीतून मिळाली होती. घर हिराजीबाबांचं. सत्तरी ओलांडलेले, पूर्वीचे तांडेल (होडी चालवणारा मुख्य माणूस). होडी आता त्यांचा मुलगा मंगेश नेतो. सून सुगंधा वाळूवर बांबूंच्या मांडवावर बोंबील सुकत घालते.

पहिली दुपार वाया गेली. मी पडवीत बसून दूरच्या होड्यांवर झूम लावला, पण तापलेल्या वाळूवरची हवा पाण्यासारखी हलत होती आणि प्रत्येक होडी चुलीवर धरल्यासारखी वितळत होती. एवढ्या लांबचा फोटो हवेतून काढायचा असतो, हे मला तेव्हा कळलं. मग मी कॅमेरा बोंबलाच्या मांडवाकडे वळवला. दोन बायका, मागे निळं पाणी, चांदीसारखे लोंबणारे मासे. पाच-सहा फोटो झाले असतील, तेवढ्यात चौकटीतल्या सुगंधाने थेट माझ्याकडे पाहिलं. शंभर पावलांवरून तिची वर चढलेली भुवई मला स्वच्छ दिसली.

"मावशी, चोरून काय काढताय? जवळ या ना!"

मी ओशाळून गेले. वाळूत गुडघा कुरकुरत होता, तरी चालत गेले. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, हातात बोंबलांची जुडी धरली आणि म्हणाली, "आता काढा." तो फोटो बेतास बात आला. पण त्या रात्री जेवताना तिने माझ्या ताटात तांदळाच्या भाकरीवर चौथा तळलेला बोंबील वाढला आणि बाजरी-ठेच्यावर वाढलेल्या मी तो काट्यासकट संपवला.

दुसऱ्या दिवसापासून मी उजाडताच बसू लागले, हवा गार असेपर्यंत. हिराजीबाबा शेजारी जाळं विणत असत. सुई नाकाला टेकेल इतकी जवळ धरून विणायचे, पण टाके एकसारखे. मोतीबिंदूने त्यांची लांबची नजर गेली होती. जवळचं मात्र ते चष्म्याशिवाय बघत. मंगेश दोन वर्षं ऑपरेशन करा म्हणून मागे लागला होता आणि बाबा "विणता येतंय ना?" म्हणून टाळत होते.

"बाई, काय दिसतं त्यात?" त्यांनी विचारलं.

मी एक फोटो काढून पडदा त्यांच्या डोळ्यांजवळ धरला. ते बराच वेळ बघत राहिले. मग बोट टेकवलं. "ही धर्माची. नाळ (पुढचं टोक) उंच हाय ना, तीच. आन् ही नवी दिसते, मला म्हायती नाय." किती दिवसांनी त्यांनी होडी ओळखली होती कोण जाणे. त्यानंतर विणणं बाजूलाच राहिलं. मी काढायचं आणि त्यांनी नावं सांगायची, असं सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भरतीबरोबर होड्या परतत होत्या. दोनेक किलोमीटरवर एक होडी एकटीच मागे होती. तिच्यात चार माणसं होती. चौघं वाकत होती, उठत होती, पुन्हा वाकत होती. जाळं ओढण्याचा तो ठेका मला फार सुंदर वाटला. तिवईवर कॅमेरा घट्ट करून मी मिनिटभराचा व्हिडिओ घेतला आणि कौतुकाने बाबांना दाखवला.

त्यांनी तो एकदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना त्यांचा चेहरा बदलला.

"जाळं नाय ओढत हे," ते म्हणाले. "पाणी उपसतायत. मागची बाजू बघा, किती खाली गेलीय."

मी पाहिलं. होती खरी खाली. मी तीस वर्षं एका दवाखान्यात एक्स-रे काढले. हात सरळ ठेवा, श्वास रोखा, झालं. फिल्म स्वच्छ यायची, पण तुटलंय कुठे ते सांगणारा डॉक्टर वेगळा असायचा. इथेही मी चित्र काढलं होतं, आणि तेही चुकीचं कौतुक करत.

"कुणाची आहे?" मी विचारलं.

"आमचीच."

मंगेशला फोन लागेना. सुगंधा हातातली पाटी टाकून पाण्याकडे धावली. धर्माची होडी नुकतीच उथळ पाण्यात आली होती. बाबांनी कॅमेरा स्वतःकडे ओढला. मी डोळा लावायच्या काचेच्या बाजूचं बारीक चाक फिरवून त्यांच्या नजरेला जुळवून दिलं. ते एक डोळा लावून बसले आणि तिथूनच हुकूम सोडू लागले. "धर्माला म्हणावं दोर घे. पंप असला तर घे. दगडाच्या बाहेरून जा म्हणावं, आतून नको." मी किनाऱ्यापर्यंत पळत होते आणि निरोप पोहोचवत होते. गुडघ्याची आठवण मला नंतर आली.

धर्माची होडी वळली. सुगंधा कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिच्याजवळ मी उभी राहिले. साध्या डोळ्यांना दोन ठिपके दिसत होते, एक थांबलेला आणि एक सरकणारा. ते एकमेकांना चिकटायला जन्म गेल्यासारखा वाटला.

तासाभराने धर्मा मंगेशची होडी ओढत घेऊन आला. चौघेही धडधाकट, नखशिखांत भिजलेले. तळाच्या दोन फळ्यांमधली फट उघडली होती, पाणी इंजिनात गेलं होतं. सुगंधाने नवऱ्याच्या दंडावर एक चापट मारली आणि मग तोच दंड धरून ठेवला.

मला वाटलं होतं मंगेश आभार मानेल. तो बाबांना म्हणाला, "आलो असतो आम्ही. थोडा उशीर झाला असता." मग माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही रोज असं बघता का आम्हाला?"

आवाजात राग नव्हता. त्याचंही बरोबर होतं. समुद्रावर माणूस आपल्या कामात असतो, त्याला आपण कुणाच्या चौकटीत आहोत हे ठाऊक नसतं. पण आम्ही बघितलं नसतं तर? हा प्रश्न त्यानेही विचारला नाही आणि मीही नाही. बाबा पुन्हा जाळ्यापाशी बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत असताना मंगेशनेच हाक मारली. होडी वाळूवर कलती करून ठेवली होती. "ही फट काढा ना मावशी, सुताराला पाठवायची. जवळून काढा, अगदी जवळून." मी लेन्स पूर्ण आत घेतली आणि वाळूत बसून फट टिपली. कॅमेऱ्याचा सगळा लांब पल्ला आवरून काढलेला तो फोटो सहलीतला सगळ्यात उपयोगाचा ठरला.

नाशिकला पोहोचल्यावर दोन दिवसांनी मी कार्ड रिकामं करायला बसले. त्यात मी न काढलेला एक व्हिडिओ सापडला. बाबांच्या अंगठ्याने नकळत लाल बटण दाबलं गेलं होतं. चित्र हलतं, अर्धं आभाळ, अर्धं पाणी, मधूनच होडी येऊन निसटते. त्यावर बाबांचे ते खणखणीत हुकूम, धर्मासाठी, माझ्यासाठी. मी निरोप घेऊन गेल्यावर पडवीत कुणीच उरलं नव्हतं. मग वाऱ्याच्या घरघरीखाली त्यांचा दुसरा आवाज ऐकू आला. अगदी हलका, मंगेशसाठी. "बाळ्या... बाळ्या रं... उपस बाबा, उपस." तब्बल अकरा मिनिटं. मी जवळ असताना ते कधीच घाबरलेले दिसले नव्हते. ते घाबरलेच नाहीत, असं मी घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलंही होतं.

मंगेशला हे ऐकवावं असं फार वाटलं. पण विचारल्याशिवाय पाठवणं म्हणजे पुन्हा लांबून चोरून काढल्यासारखंच. मी बाबांना फोन केला आणि काय काय ऐकू येतं ते सांगितलं.

पलीकडून लाटांचा आवाज येत होता.

"पुसू का?" मी विचारलं.

"पुसू नका," ते म्हणाले. "पण त्याला धाडू पण नका, बाई. बाप घाबरला हे एकदा कानात गेलं, की पोरगा दर्यात घाबरतो. त्याला अजून लय वर्षं जायचंय."

मग डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख मिळाल्याचं त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला.

फिरून आल्यावर मी दर वेळी घरच्यांना जमवून फोटो दाखवते. याही वेळी दाखवले. सुकणारे बोंबील, कलती होडी, ओहोटीने ओढलेल्या वाळूवरच्या रेघा. ती अकरा मिनिटं तेवढी मी कुणाला दाखवली नाहीत.