मे महिन्यातलं जंगल

सुधाकर गेला आणि माळव्याची जंगलं पोरकी झाली, असं पलासियातल्या शोकसभेत त्याच्या जुन्या साहेबांनी माइकवरून सांगितलं. पोरकं व्हायला जंगल आधी शिल्लक असावं लागतं. निदान एक तरी सुधाकरच्या आधीच गेलं होतं, आणि ते याच साहेबांच्या सहीने.

सुधाकर माझा कॉलेजपासूनचा मित्र. विमानातून काढलेल्या फोटोंवरून जंगलातली झाडं ओळखायची, ही त्याची सरकारी नोकरी. स्नेहलतागंजमधल्या त्याच्या खोलीत दोन भिंगांचा स्टिरिओस्कोप असे. त्याखाली शेजारशेजारचे दोन फोटो ठेवले की सपाट ठिपके झाडं होऊन उभे राहत. मला सगळी कोथिंबीरच दिसे. तो मात्र शेंड्यांचा घेर न्‌ सावल्या पाहून, नातेवाइकांची ओळख करून द्यावी तसा सांगे, "हा साग. त्याच्या बाजूला सालई."

निवृत्तीच्या सुमारास एक टेकडी खाणीला द्यायचं ठरत होतं. नकाशावर ती 'उजाड' दाखवली होती, कारण फोटो मे महिन्यातला होता. मे महिन्यात साग आणि सालई दोघांच्याही अंगावर पान नसतं. सुधाकर साहेबांना म्हणाला, "सर, मेलेले नाहीत, सो रहे हैं. पावसानंतर परत फोटो काढू या." साहेब म्हणाले, "सुधाकरजी, फोटो में जो दिखा, वो दिखा." घरी येऊन माझ्या टकलाकडे बघत सुधाकर म्हणाला, "वरून बघितलं तर भिया, तू पण उजाडच."

पावसाळा संपल्यावर तो लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्याला ड्रोनसकट टेकडीवर घेऊन गेला. "दूल्हा किधर है, अंकल?" असं तो विचारत होता म्हणे. फोटोंत टेकडी हिरवीगार होती. सुधाकरने एकेका झाडावर नाव घालून ते फोटो ऑफिसात दिले. उत्तर बरंच उशिरा आलं, तोवर कटाई आटोपली होती. 'मौके पर वृक्ष नहीं पाए गए.' ही माहिती अचूक होती.

नंतर त्याने स्टिरिओस्कोपला हात लावला नाही. मी गेलो की पंख्याखाली नुसता बसलेला असे... उन्हाळ्यात एका सकाळी वहिनींचा फोन आला, "भाऊजी, हे उठतच नाहीयेत हो..."

परवा त्यांच्याकडे गेलो. स्टिरिओस्कोपवर धूळ होती. शोकसभेचा फ्लेक्स ऑफिसवाल्यांनी त्यांनाच देऊन टाकला होता. वहिनींनी त्यातला सुधाकर कापून खोलीत लावला, आणि मागचं जंगल गच्चीवरच्या कूलरवर पसरलं. ते जंगल हिमालयातल्या देवदारांचं आहे.

आता कोणी वरून फोटो काढला, तर स्नेहलतागंजमध्ये देवदार आढळतील.