मशीनरावांच्या लेकीचा चष्मा

चष्म्याच्या दुकानात मशीन आलं आणि दुकानदाराचे मशीनराव झाले. डोळ्यांतलं त्यांना आधीही फारसं कळत नव्हतं. पण कळायला हवं, ही टोचणी तरी होती. मशीन आलं तशी तीही गेली. गिऱ्हाइकानं हनुवटी टेकवायची, आतल्या चित्रातल्या फुग्याकडे बघायचं, की नंबराची चिठ्ठी बाहेर. मग काचा बदलून, अक्षरं वाचून घेऊन नंबर पडताळायचा असतो. ती कटकट त्यांनी अक्षरांच्या फळ्यावर धूळ बसू देऊन मिटवली.

पोरांचा नंबर डोळ्यांत थेंब घालून काढतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण थेंबांसाठी डॉक्टरकडे पाठवलं की गिऱ्हाईक तिकडेच रमतं. शिवाय थेंबांनी जवळचं दिसत नाही, मग आरशात फ्रेम कशी पसंत करणार? "लेकराला कशाला छळता?" असं म्हणून ते चेहरा मात्र असा हळवा करीत, की मांजरानंही उंदराची विचारपूस इतक्या मायेनं केली नसेल.

सख्ख्या लेकीलाही हाच न्याय. मशीननं मायनस सांगितला, मायनसच्या काचा नाकावर चढल्या. पोरगी इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती. कागदावर वाकली की कपाळ ठणकायचं.

"डोक्याला झेपत नाही तुझ्या," मशीनराव म्हणाले. "सोड ते शिक्षण. गल्ल्यावर बस."

त्यांची थोरली बहीण तिथंच होती. "अरे, दुखतंय तिचं डोकं आणि चालत नाही ते तुझं!" म्हणत आत्यानं भाचीला उचललं नि थेट डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरनं थेंब घातले, बसवून ठेवलं. मग अंधाऱ्या खोलीत हातातल्या दिव्याचा उजेड डोळ्यात टाकून काचा सरकवत नंबर काढला. "डोळ्याचा स्नायू आवळून बसला होता. मशीननं तो आवळलेला डोळा मोजला. खरा नंबर प्लस आहे. थेंबांचा अंमल उतरला की अक्षरं वाचून पक्का करू."

दुकानात परतून आत्यानं हे सांगितलं, तसे मशीनराव उसळले. "माझं मशीन परदेशी आहे!"

"असेना," आत्या म्हणाली. "बसवलंय तर तुझ्याच दुकानात ना?"

थेंबांचा अंमल होता तोवरच त्यांनी लेकीला मशीनपुढं बसवलं. चिठ्ठी आली: प्लस. भिंग पुसलं. प्लस. कागदाचं रीळ बदललं, जणू नंबर कागदातच असतो. तरी प्लसच.

"आता मशीन बदलतोस, की पोरीनं बाप बदलायचा?" आत्यानं विचारलं.

दुसरा कुणी असता तर शरमेनं खाली बघता. हे मात्र मुलाच्या चष्म्यासाठी बाकावर थांबलेल्या एका बाईंकडे वळले. "बघितलंत? डॉक्टरनं एवढा घोळ घालून काढलं, ते आमच्या मशीननं चुटकीसरशी! आणा मुलाला."

बाईंनी मुलाला कडेवर घेतलं आणि आत्याला डॉक्टरचा पत्ता विचारला.

लेकीनं नंबर पक्का करून चष्मा दुसरीकडे बनवून घेतला.

"घरचं दुकान सोडून?" मशीनराव तिच्या टेबलाशी येऊन गुरगुरले.

ती नकाशावर वाकली होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, कागदावर सावली पडतेय. बाजूला व्हा."