सोबत अर्जाची प्रत

खासदारांच्या संपर्क कार्यालयात मी एकोणीस वर्षं टायपिंग करतोय. मूळचा धुळ्याचा, नाव तोताराम, पण जळगावात लहानथोर सगळे मला नानाच म्हणतात. रेल्वेचा कोटा, दवाखान्याचं पत्र, बदलीची शिफारस, स्मशानभूमीचं शेड. माणूस दारातून आत आला की याला कोणता नमुना लागणार ते मला चेहऱ्यावरून कळतं. असोद्याची हेमांगी आली तेव्हा मात्र कळलं नाही.

सोमवार होता, म्हणजे लोकांना भेटायचा दिवस. बाकावर सात जण गटाराच्या तक्रारीसाठी बसलेले. ही सरळ माझ्या टेबलाशी आली.

"नाना, परदेशात जहाजं गुपचूप समुद्रात काळं तेल सोडतात. साहेबांनी संसदेत त्यावर प्रश्न विचारायला पाहिजे."

"कोणत्या समुद्रात?"

"आफ्रिकेच्या."

मी चष्मा काढून ठेवला. लोक गटार घेऊन येतात आणि ही बया समुद्र घेऊन आली. म्हटलं, "पोरी, मेहरूण तलावाचं काही असेल तर बोल. त्यावर साहेबांचं भाषण तयारच आहे."

"मेहरूणचं पाणी मी वर्षभर तपासलंय. त्याचाही अर्ज आणते," ती म्हणाली. "पण आधी हा."

बावीस वर्षांची पोरगी. विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकत होती, असोद्याहून एसटीने ये-जा करायची. वडील गेलेले. आई लताबाई केळीचा मळा बघायची. एकुलता भाऊ स्वप्नील आयटीआय करून मालवाहू जहाजावर लागलेला, इंजिनाला तेलपाणी करायच्या कामावर. बोलणं असं की समोरच्याला उगाच आपण कमी शिकलो वाटावं. पहिल्या दिवशी मी तिला कटवली. पुढच्या सोमवारी पुन्हा हजर. तिसऱ्या सोमवारी मीच वैतागून तिला खुर्ची दिली.

तेव्हा खरी गोष्ट कळली. जहाजाच्या इंजिनाखाली तेलकट पाणी साठतं. ते यंत्रातून साफ करून मगच समुद्रात सोडायचं, असा जगभरचा नियम. पण यंत्र चालवायला खर्च येतो. म्हणून हे लोक यंत्र टाळून एक नळी लावतात आणि सगळी घाण थेट समुद्रात. स्वप्नीलच्या जहाजावर ती नळी लावायचं काम त्याच्याच गळ्यात मारलेलं. नाही म्हणावं तर पासपोर्ट कप्तानाच्या कपाटात आणि करार संपायला पाच महिने. त्याने चोरून व्हिडिओ काढले आणि बहिणीला पाठवले.

"मग त्यालाच तक्रार करू दे की," मी म्हटलं.

"कुठे करेल? जहाजावरच तर राहतो तो. आणि पकडलं जहाज तर मालक दंड भरून सुटतो, नळी लावणारा आत जातो. मी वाचलंय सगळं. म्हणून त्याचं नाव कुठे यायला नको, नाना. जहाज पकडायच्या आधी सरकारने मालकालाच धरलं पाहिजे."

खरं सांगतो, मला त्या पोरीचं कौतुक वाटलं. माझ्या घरच्या पोरांना फ्रीजचं दार लावायची अक्कल नाही. सगळं ठीक होईल, असा मी माझ्या अहिराणी बोलीत तिला धीर दिला, "काळजी नको करू माय, बठ्ठं बराबर व्हई जाई." आणि साहेबांशी गाठ घालून दिली.

साहेब आधी हसले. "जळगावला समुद्र कुठंय गं?"

"समुद्र नाही, पण पोरं आहेत ना आपली तिथे. तुमच्याच मतदारसंघातली. त्यांच्या हातून गुन्हा करून घेतात आणि आपण म्हणतो परदेशातलं आहे, आपल्याला काय. तुम्ही नाही विचारलं तर कोण विचारेल?"

असं कोणी साहेबांशी बोलत नाही. बाकावरचे लोक माना वर करून बघायला लागले. साहेबांनी अर्ज मागून घेतला, अख्खा वाचला आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'योग्य कार्यवाहीसाठी दिल्लीला पाठवा.' हेमांगी बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. चार दिवसांनी लताबाईंनी भरिताचा डबा आणि कळण्याच्या भाकरी पाठवल्या. माउलीला एवढंच माहीत की पोराला लवकर सुटी मिळावी म्हणून नाना खटपट करतायत. मी दोन वेळा वाढून घेतलं.

आता माझी अक्कल सांगतो. अर्जाची पानं दोन होती, तिच्याच हातची, आणि सोबत व्हिडिओंचा पेनड्राइव्ह. पहिल्यावर मागणी. दुसऱ्यावर जहाजाचं नाव, स्वप्नीलचं नाव, तारखा, आणि वर लाल पेनाने लिहिलेलं, 'फक्त साहेबांनी वाचावे.' तिने ते माझ्या हातात देताना पुन्हा बजावलंही होतं. पण अर्ज अपुरा असला की दिल्लीचं खातं तो परत पाठवतं, आणि माझ्या हातचा कागद आजवर अपुरा म्हणून परत आलेला नाही, हा माझा तोरा. कामाच्या भरात मी पत्राखाली टाइप केलं, 'सोबत अर्जाची प्रत, पाने दोन, पेनड्राइव्ह एक.' टाचणी मारली आणि पोस्टात दिलं.

पुढे काय होतं ते मला माहीत नव्हतं असं नाही. तलाठ्याची तक्रार कलेक्टरकडे करा, खुलाशासाठी ती तलाठ्याच्याच टेबलावर येते. ही आपल्याकडची रीतच आहे. दिल्लीच्या खात्यानेही तेच केलं. पानं दोन आणि पेनड्राइव्ह एक, सगळं जहाजाच्या कंपनीकडे खुलाशासाठी धाडलं.

बावीस दिवसांत उत्तर आलं. एकोणीस वर्षांत इतकं झटपट उत्तर मी पाहिलेलं नाही. कंपनीने लिहिलं होतं की तक्रारीत तथ्य आढळलं. सदर नळी कर्मचारी स्वप्नील याने वरिष्ठांना अंधारात ठेवून लावली, त्याने स्वतः काढलेले व्हिडिओच त्याचा पुरावा. त्याला पुढच्या बंदरात उतरवून तिथल्या पोलिसांच्या ताब्यात दिलं आहे. जहाज पुढच्या फेरीला निघालं आहे. जागरूक विद्यार्थिनीचे आभार.

साहेब खूश. म्हणाले, "नाना, त्या मुलीचं अभिनंदनाचं पत्र काढा. पेपरला बातमी द्या."

"साहेब, तो तिचा भाऊ आहे."

साहेबांनी पंखा वाढवायला सांगितला. मग म्हणाले, "असं कसं झालं? बरं, त्याला सोडवायला पत्र लिहा." कोणाला लिहू, विचारलं तर म्हणाले, त्याच खात्याला. दुसरं खातं नाहीच म्हणे.

हेमांगी दुसऱ्या दिवशी आली. तिला आधीच कळलं होतं, बंदरातल्या पोलिसांचा तिच्या मोबाइलवर फोन आला होता. मी तिला आतल्या खोलीत बसवलं आणि सांगून टाकलं की दुसरं पान मी जोडलं, साहेबांचा दोष नाही. मला वाटलं होतं ती तोंडावर थुंकेल. तिने कंपनीचं उत्तर मागून घेतलं आणि वाचायला लागली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिकडच्या ठाण्यातून स्वप्नीलला आठवड्यातून एकदा पाच मिनिटं बोलू देतात. आवाज फुटत होता, म्हणून तिने स्पीकर लावला.

"हेमा, माझं नाव कोणी दिलं? कप्तानाने कागद समोर धरून मले माझंच नाव वाचून दाखवलं. अक्षर तुझं होतं."

मी उभाच होतो. तिने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडूनच चुकलं, दादा," ती म्हणाली.

 तो एवढंच म्हणाला, "मायला सांगू नको." पाच मिनिटं संपली आणि फोन कटला.

मी तिच्यासमोर बसलो. म्हटलं, "पोरी, हे काय केलंस? माझं नाव सांगायचं. मला शिव्या घाल, साहेबांकडे जा, काढायला लाव मला."

तिने ओढणीने चेहरा पुसला आणि पिशवीतून कोरे कागद काढून माझ्या टेबलावर ठेवले.

"तुमच्यावर चिडून मला परवडणार नाही, नाना," ती म्हणाली. "पुढचं पत्र पण तुम्हीच टाइप करणार आहात."